हो, तो आत आहे

त्यांचं आडनाव खरे नव्हतं. पण गल्लीतले सगळे त्यांना खरेबाई म्हणायचे, आणि इतकी वर्षं म्हणत आले होते की पोस्टमनसुद्धा दारात येऊन "खरेबाई आहेत का?" असंच विचारायचा आणि मग हातातल्या पाकिटावरचं भलतंच आडनाव बघून गोंधळायचा.

नाव पडायला कारण होतं. ही बाई खोटं बोलत नसे. ते कौतुकाने सांगण्यासारखं कमी आणि वैताग येण्यासारखं जास्त होतं. नवे कपडे घालून कोणी "कसे दिसतात?" म्हणालं, तर त्या नीट बघायच्या आणि नीट सांगायच्या. शेजारच्या घरमालकाने एकदा नव्या भाडेकरूसमोर त्यांना विचारलं, "आपल्याकडे पाण्याची काही ददात नाही, काय हो खरेबाई?" "काहीच नाही," त्या म्हणाल्या, "तळमजल्यावर." खोली तिसऱ्या मजल्यावरची होती. घरमालक तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हता, कपडे मात्र त्यांच्याकडेच टाकत राहिला, कारण कपडे त्यांच्यासारखे कोणी धूत नव्हतं.

त्यांची लाँड्री होती. लांबोडकी, बोगद्यासारखी जागा. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि काचेच्या दारांचं कपाट, मधल्या खोलीत भट्टी, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळात उघडायचं. भट्टीच्या खोलीत लोखंडी कढईत हॉस्पिटलच्या चादरी रटरटत असायच्या आणि वर तारांवर आधीच्या चादरी वाळत असायच्या. त्या खोलीत शिरलं की वाफेने समोरचा माणूस दिसत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परगावी नोकरीला होता. घरात त्या आणि सून अशा दोघीच. सून इस्त्री करायची, सासू भट्टी सांभाळायची.

दोघींचं पटायचं, पण जात वेगळी होती, म्हणजे स्वभावाची. सून हसतमुख आणि सोयीने बोलणारी. गिऱ्हाइकाचे कपडे झाले नसतील तर "आत्ताच शेवटचा शर्ट टेबलावर घेतला बघा," असं ती सहज म्हणून जायची. आतून सासूचा आवाज यायचा, "अजून भिजत आहेत. उद्या या." सून कपाळाला हात लावायची.

खरेबाई देवाला मानत. पण त्यांच्या मानण्यात गोडवा फारसा नव्हता. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी दोन मिनिटं हात जोडून उभ्या राहायच्या आणि बऱ्याचदा त्यांचे ओठ भांडल्यासारखे हलायचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी दोनच गोष्टी पढवल्या होत्या. जीव मुठीत धरून दाराशी आलेल्याला हाकलायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही. "हे मी नाही सांगत, तो सांगतो," असं म्हणून वडील वर बोट करायचे. दुसरी गोष्ट खरेबाईंनी रोज पाळली होती. पहिलीची वेळ कधी आलीच नव्हती. एखादं भिजलेलं कुत्रं, नवऱ्याने मारलेली एखादी शेजारीण, एवढंच. ते तर कोणीही केलं असतं.

ती वेळ आली ती भर दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला.

आधी रस्त्याच्या टोकाकडून ब्रेकची किंकाळी ऐकू आली, मग धप्प असा एक आवाज, आणि मग कोणाच्या तरी ओरडण्याचा. सून इस्त्री उभी करून दाराकडे वळली, तेवढ्यात एक माणूस धडपडत आत घुसला. पंचविशीचा असेल. घामाने निथळत होता, एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. त्याने इस्त्रीच्या टेबलाची कड धरली आणि म्हणाला, "लपवा मला. मारून टाकतील."

भट्टीच्या खोलीचा पडदा सारून खरेबाई बाहेर आल्या. हातात चादरी ढवळायची काठी होती.

"काय केलंस?"

"टेम्पो... पोर एकदम आडवं आलं..." तो बोलला आणि थांबला. त्या बाईच्या बघण्यात काहीतरी असावं. त्याची मान खाली गेली. "आडवं नाही आलं. ते कडेनेच चाललं होतं. मी फोनवर बोलत होतो."

"जगलं का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? बघितलं नाहीस?"

"पळालो."

सून पुढे सांगायची की त्या क्षणी सासूबाईंच्या हातातली काठी वर गेली होती, आता ही बाईच त्याला बडवून काढते की काय असं तिला वाटलं. पोर रस्त्यात टाकून पळालेला माणूस. त्याला धरून बाहेर ढकललं असतं तर गल्लीत कोणी नाव ठेवलं नसतं. रस्त्यावरून पावलांचा आवाज जवळ येत होता, एकट्यादुकट्याच्या पावलांचा नव्हे.

काठी खाली आली. "भट्टीच्या मागे जा," खरेबाई म्हणाल्या. "भिंतीला चिकटून बस. हलू नकोस." मग सुनेला म्हणाल्या, "मागच्या दाराला कडी घाल आणि पोलिसांना फोन लाव. काय झालंय ते सगळं सांग. फोनवर होता तेही सांग."

"आई, आपण कशाला यात..."

"कडी घाल आधी."

तो वाफेत दिसेनासा झाला. खरेबाई पुढच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि जमाव दुकानासमोर आला.

वीस-पंचवीस माणसं असतील, सगळी ओळखीची. पुढे सलूनवाला होता. अंगाने आडवा, एरवी गल्लीभर विनोद सांगत फिरणारा. त्याच्या मागे वेल्डिंगच्या दुकानातले दोघे कामगार, एकाच्या हातात लोखंडी सळई. त्याच्या बाजूला किराणावाला. कोणाच्या चेहऱ्यावर रोजचा चेहरा नव्हता.

"मावशी," सलूनवाल्याने धापा टाकत विचारलं, "इकडून एक माणूस पळाला. पांढरा शर्ट. बघितला का? तुमच्याकडे नाही ना आला?"

प्रश्न साधा होता आणि तो विचारायची पद्धतही आदराची होती. दुसऱ्या कोणी "नाही" म्हटलं असतं तर या माणसांनी आत डोकावून बघितलं असतं. खरेबाईंनी म्हटलं असतं तर सगळे तसेच पुढच्या चौकाकडे धावले असते, एकानेही मागे वळून बघितलं नसतं. पडद्याच्या फटीतून सून दिसत होती. कानाला फोन, आणि दुसऱ्या हाताने ती जिवाच्या आकांताने नाही-नाही अशी खूण करत होती. एका शब्दाचं काम होतं. आत बसलेल्याचा जीव वाचत होता, दुकान वाचत होतं, आणि पोलीस येईपर्यंत सगळ्यांना चहाही पिता आला असता.

खरेबाईंचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते कोणाला ऐकू आलं नाही. नंतर एकदा सुनेने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं, दोन्ही आजच पाळायच्या का? एक पाळते, एक माफ कर."

"मग? देव काय म्हणाला?"

"काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. वाद तरी घालता आला असता."

दारात उभ्या असलेल्या खरेबाईंनी सलूनवाल्याकडे बघितलं आणि सांगितलं, "हो, तो आत आहे."

क्षणभर कोणाला उमगलंच नाही. मग सगळे एकदम पुढे सरकले.

"आणि आत कोणी जायचं नाही," खरेबाई म्हणाल्या. इस्त्रीच्या टेबलाजवळचं स्टूल त्यांनी पायाने ओढलं, दाराच्या बरोबर मधे ठेवलं आणि त्यावर बसल्या. उभ्या बाईला बाजूला करणं सोपं असतं. बसलेल्या म्हातारीला उचलावं लागतं. "पोलिसांना फोन केलाय. ते येतील, त्यांच्या ताब्यात देईन. तोवर इथून कोणी हलणार नाही. तोही नाही आणि मीही नाही."

"मावशी, पोलीस काय करणार? उद्या जामिनावर सुटेल तो!"

"सुटेल कदाचित."

"त्याने लेकराला उडवलं, मावशी!"

"उडवलं. मला त्याने सांगितलंय. फोनवर बोलत होता म्हणाला. हे मी पोलिसांसमोरही सांगेन."

हे ऐकल्यावर तर जमाव जास्तच भडकला. मागून कोणीतरी शिवी दिली. सळईवाला पुढे आला आणि दाराच्या चौकटीवर सळई आपटून म्हणाला, "म्हातारे, ऊठ." त्याला कोणी गप्प केलं नाही. आणि तेवढ्यात गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईने, बहुतेक तिला आणखी दम धरवला नाही म्हणून, ओरडून सांगितलं, "अहो खरेबाई, कुणाचं पोर आहे ठाऊक तरी आहे का? तुमची ठमी आहे ती! तुमच्या भावाची ठमी!"

एवढा वेळ प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने सांगितलं असेल.

ठमी म्हणजे खरेबाईंच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. भावाला खरेबाईंनीच वाढवलेलं. आई लवकर गेली तेव्हा हा अजून रांगत होता, बहिणीच्या कडेवर मोठा झाला. त्याचं वेल्डिंगचं दुकान रस्त्याच्या टोकाला होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली ही पोर रोज शाळा सुटली की दप्तरासकट आत्याकडे यायची, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून ऊब घ्यायची आणि गिऱ्हाइकांच्या चपलांवरून त्यांना ओळखायची. आजही ती इकडेच येत होती.

खरेबाईंचा चेहरा कसा झाला ते सून पडद्याआडून बघत होती. ती म्हणायची, रंग उडतो म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. कोणी काही करायची गरज नव्हती आता. त्या फक्त उठल्या असत्या, "माझी ठमी" म्हणत रस्त्याच्या टोकाकडे धावल्या असत्या, तर दार आपोआप मोकळं झालं असतं. कोण म्हणालं असतं की हिने त्याला ताब्यात दिलं? आत्या आहे, धावणारच. खोटंही बोलावं लागलं नसतं.

त्यांना उठायचं होतं. पुढे कधी त्यांनी हे लपवलं नाही. "मला उठायचं होतं," त्या म्हणायच्या, "आणि मला तो मेलेलाही हवा होता. माझ्या मनात काय होतं ते विचारू नका. मी बसून राहिले एवढंच."

त्या बसून राहिल्या. सलूनवाल्याला एवढंच विचारलं, "जिवंत आहे का ती?"

"ठाऊक नाही, मावशी. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेली. ठमीची आई गेलीय बरोबर."

तेवढ्यात एक दगड आला. तो कोणी मारला ते कोणाला कधीच कळलं नाही. कपाटाच्या काचेवर बसला आणि धुतलेल्या कपड्यांवर काचा सांडल्या. दगडाने जणू परवानगी दिली. चौघे-पाच जण बोळाकडे पळाले आणि मागच्या दारावर लाथा बसू लागल्या.

आत भट्टीच्या खोलीत त्या माणसाने सगळं ऐकलं होतं. सून कडी दाबून धरत होती आणि तो वाफेतून सरपटत तिच्याजवळ आला. अंग भाजल्यासारखं लाल झालं होतं. "ताई, मी जातो बाहेर," तो म्हणाला. "त्या बाहेरच्या मावशींचंच पोर आहे म्हणतायत. मला जाऊ द्या."

"गप बस," सून म्हणाली. "आता तू गेलास तर त्या पुढे कशाला बसल्यात?"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, दार उघडा! आहे का तो आत?"

सून ही सोयीने बोलणारी, हे मी सांगितलंच. तिने तोंड उघडलं होतं ते "पळाला कधीचा" असं म्हणायलाच. ती स्वतःच नंतर हसत सांगायची: "मी खोटं बोललेच असते हो. पण सासूबाईंनी पुढच्या दारी खरं सांगून ठेवलेलं. मागच्या दारी मी काय थाप मारणार?" मग तिने गॅसची शेगडी दाराला लावली, पिठाचा डबा लावला, आणि वर स्वतः पाठ टेकून बसली. दर लाथेला ती बोटभर पुढे सरकायची आणि परत मागे रेटायची.

आणि मग पुढच्या दाराशी भाऊ आला.

लोकांनी त्याला वाट दिली. शर्टावर, हातांवर रक्त होतं. त्याचं नव्हतं ते. डोळे कुठेच बघत नव्हते. येता येता त्याने कामगाराच्या हातातली सळई घेतली होती.

"ताई, बाजूला हो."

"नाही होणार."

"ताई, तो आत आहे आणि तू दारात बसलीस?"

"हो."

"तुझी ठमी आहे ती!" त्याचा आवाज फाटला. "तुझ्याच टेबलाखाली बसायला येत होती ना ती? तू कुणाची आहेस? माझी बहीण आहेस की त्याची कोण आहेस?"

"तुझी बहीण आहे. म्हणूनच उठत नाही."

"मला तुझं शहाणपण नको! तुझा देव नको! ऊठ!"

त्याने तिचा दंड धरला आणि ओढली. स्टूल कलंडलं. खरेबाई आडव्या पडल्या, हात खाली आला, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी हाड मोडल्याचा आवाज ऐकला. एवढ्या गोंगाटात तो बारीकसा आवाज ऐकू यावा हे नवलच, पण आला. त्यानंतर कोणी ओरडलं नाही. मागच्या लाथाही थांबल्या, तिकडे काय कळलं कोण जाणे.

भाऊ तिला ओलांडून आत पाऊल टाकणार, तर तिने चांगल्या हाताने त्याचा घोटा धरला.

"एक सांग," ती खालूनच म्हणाली. दुखण्याने आवाज बसला होता. "ठमीजवळ कोण आहे?"

"तिची आई आहे."

"आणि बाप?"

त्याने पाय सोडवायला हिसका दिला.

"ती शुद्धीवर आली तर कोणाला शोधेल? आणि नाही आली तर..." तिने श्वास घेतला. "तू इथे काय करतोयस? तुझी जागा इथे आहे का? याला मारायला लोक पुष्कळ आहेत. तिच्या उशाशी बसायला तू एकटा आहेस. जा. आज याला हात लावलास तर तिला भेटायलाही तुला कोणी सोडणार नाही. जा रे."

तो उभा राहिला. बहीण उंबऱ्यात पडलेली, तिचा एक हात विचित्र वळलेला आणि दुसऱ्या हाताने त्याचा पाय घट्ट धरलेला. मग सळई त्याच्या हातातून सुटली आणि तो मटकन खाली बसला. लहान मूल रडतं तसा रडायला लागला. तिने त्याचा पाय सोडला नाही. धीर देत होती की अजून भरवसा नव्हता, देव जाणे.

सलूनवाला पुढे झाला. हाच माणूस मघाशी सगळ्यांच्या पुढे होता. त्याने भावाला काखेत हात घालून उठवलं. "चल," म्हणाला, "माझी स्कूटर आहे. मी सोडतो तुला तिथे." आणि जाता जाता जमावाकडे वळून, कोणाला उद्देशून नाही, म्हणाला, "बस झालं आता."

सगळे काही पांगले नाहीत. पोलीस आले तेव्हाही दहा-पंधरा जण समोरच्या फुटपाथवर उभे होते आणि त्यांच्या मनात काय होतं ते स्पष्ट दिसत होतं. आलेल्या दोघा पोलिसांनाही ते दिसलं. हवालदार म्हणाला, "गाडी कोपऱ्यावर आहे, आत येत नाही. तिथवर नेताना काय होईल सांगता येत नाही, बाई."

"मी येते बरोबर," खरेबाई म्हणाल्या.

"तुमचा हात..."

"पायांनी चालायचंय."

टेम्पोवाल्याला आतून आणलं. तो खरेबाईंच्या पायाशी वाकायला गेला, तशा त्या मागे सरकल्या. "पाया पडू नकोस माझ्या," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज ऐकून हवालदारही चपापला. "तुझ्यावर माया आली म्हणून नाही केलं हे. तुझं तोंडही बघवत नाहीये मला. फोनवर होतास ते सांगायचं. पहिल्या फटक्यातच सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

सुनेने त्यांचा मोडलेला हात ओल्या टॉवेलने गळ्यात बांधला. मग हवालदार एका बाजूला, खरेबाई दुसऱ्या बाजूला आणि मधे तो, असे ते कोपऱ्यापर्यंत गेले. कोणी थुंकलं. ते खरेबाईंच्या चपलेवर पडलं. त्या थांबल्या नाहीत. तो गाडीत बसल्यावर, दार लागल्यावर, त्यांनी सुनेला म्हटलं, "आता मला ठमीकडे ने."

ठमी जगली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं आणि डोक्याला मार होता. पहिले काही दिवस डॉक्टर काहीच कबूल करत नव्हते. हात प्लास्टरमध्ये घालून खरेबाई त्याच हॉस्पिटलच्या जिन्यात बसायच्या. वर जायची सोय नव्हती. भावाने सांगून ठेवलं होतं की ताईला आत सोडू नका. लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींची गाठोडी नेहमीसारखी येत होती. सून ती उघडायची, डाग बघायची, आणि सासूला दिसायच्या आत कढईत टाकायची. खरेबाई एका हाताने ढवळत राहायच्या. त्या दिवसांत पहाटेचं त्यांचं भांडण लांबलं होतं. एकदा तर सुनेने त्यांना मोठ्याने म्हणताना ऐकलं, "मी केलं ना तुझं? मग आता तू कर!" आणि लगेच खालच्या आवाजात, "नाही, नाही. तसा सौदा नव्हता. चुकले."

गल्लीने त्यांना माफ केलं नाही, निदान लगेच नाही. बऱ्याच घरांचे कपडे पलीकडच्या रस्त्यावरच्या लाँड्रीत जायला लागले. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लागला आणि बराच काळ तसाच राहिला. घरमालक मात्र कपडे घेऊन यायचा. "तुमच्याशी मी आधीपासूनच बोलत नाही," म्हणाला, "आता नव्याने काय सोडू?"

टेम्पोवाल्याने पोलिसांत फोनचं सांगितलं खरं, पण पुढे वकिलाने त्याला समजावलं आणि तो फिरला. मग त्याची आई एका दुपारी लाँड्रीत आली. साधी बाई, हात जोडून उभी राहिली. "तुम्ही माझ्या लेकराला जन्म दिलात दुसऱ्यांदा," म्हणाली. "आता एवढं करा. तो काय बोलला ते आठवत नाही म्हणा. कोण विचारणार तुम्हाला?"

खरेबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. "बाई," त्या म्हणाल्या, "ज्या देवाच्या सांगण्यावरून मी तुमच्या मुलाला लोकांच्या हाती दिलं नाही, त्याचंच सांगणं आहे हे पण. अर्धं ऐकायचं आणि अर्धं नाही, असं मला येत नाही."

ती बाई रडत गेली. जाताना जे शब्द बोलली ते सुनेने कधी कोणाला सांगितले नाहीत. कोर्टात खरेबाईंनी जे ऐकलं ते सांगितलं आणि त्याला शिक्षा झाली. म्हणजे ज्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून गल्ली चिडली होती, त्यांच्याही त्या राहिल्या नाहीत. सलूनवाला म्हणायचा, "ही बाई कुणाच्याच बाजूची नाही. मोठी पंचाईत आहे." पण तो हे म्हणायचा तेव्हा त्याचा शर्ट खरेबाईंकडेच इस्त्रीला असायचा.

भाऊ आला तो वर्ष उलटून गेल्यावर. मधल्या काळात भावजय दोनदा येऊन गेली होती, चोरून. ठमी कुबडीवरून नुसत्या काठीवर आली होती आणि आत्याकडे जायचं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी भाऊच तिला घेऊन आला. ठमी सरळ आत गेली आणि भट्टीच्या खोलीतून तिचा नि सुनेचा आवाज यायला लागला. भाऊ दारातच उभा राहिला. खरेबाई पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तो मोडलेला हात नीट जुळला नव्हता, मनगट जरा बाहेर वळलेलं राहिलं होतं. त्याने ते बघितलं आणि नजर वळवली.

"त्या दिवशी तू बाजूला झाली असतीस," तो म्हणाला, "तर मी आज आत असतो. हिला शाळेत सोडायला कोणी नसतं. हे मला कळतं, ताई. मला काय अक्कल नाही का?"

"आहे की."

"पण राग जात नाही. तू दारात बसलेली आठवतेस ना, अजून जात नाही. काय करू?"

खरेबाईंनी हातातली घडी पूर्ण केली. "माझा तरी कुठे जातोय," त्या म्हणाल्या. "तुझ्यावरचा नाही. त्या माणसावरचा. रोज पहाटे उभी राहते आणि रोज तिथेच अडते. त्याला माफ कर म्हणून सांगणं आहे, ते मला अजून जमलेलं नाही." मग त्यांनी कपड्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला आणि टेबलाजवळ जागा केली. "बस. चहा टाकते."

"साखर कमी टाक," भाऊ म्हणाला, आणि आत येऊन बसला.